त्रिकोणातली अकरा मेंढरं

मुक्काम गोरेगाव,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८६२

राजमान्य राजश्री जावईबापू उत्तमराव यांसी,

सासरे तातेराव यांचा रामराम पोहोचावा. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुमची खुशाली तुमच्या पत्रावरून समजली होती. ते पत्र भाद्रपदातले असल्यामुळे ती खुशाली अजून टिकून असेल असे धरून चालतो. चि. सिंधूचा खोकला गेला का? मुंबईची हवा दमट असते म्हणतात. तिने हळद घालून दूध घ्यावे (तुम्ही करून द्यावे असे नव्हे, तुम्ही फक्त आठवण करावी). तुमच्या सासूबाई मंजुळाबाई यांचे गुडघे थंडी पडल्यापासून पुन्हा दुखू लागले आहेत, पण त्यामुळे त्यांचे बसून बोलणे वाढले आहे, इतकेच. कापसाची पहिली वेचणी झाली. काळी गाय व्याली, कालवड झाली. हे सगळे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे पत्र ज्या वाटेने जाणार आहे तिच्यावर गाय भेटण्याचा संभव कमी. मेंढरे मात्र भेटतील.

तुम्ही पाठवलेले चित्र पोचले. पोच द्यायला अडीच महिने लागले याचा राग मानू नये. जावयाने पाठवलेल्या वस्तूला नाव ठेवण्याची आमच्या घरात रीत नाही आणि या वयात मी ती मोडणार नाही. तुमच्या थोरल्या साडूंनी दिलेली छत्री उघडत नसे, तरी मी ती तीन पावसाळे मिटलेली घेऊन हिंडलो आणि भिजलो, पण शब्द काढला नाही. तेव्हा खाली जे लिहितो ते तक्रार म्हणून वाचू नये. झाले ते कळवतो, एवढेच.

आपले वाचनालय तुम्ही लग्नात पाहिले होते. चावडीला लागून एक खोली, दोन कपाटे, एक बाक, आणि चौसष्ट पुस्तके. त्यांतल्या एकेचाळीस पुस्तकांचे वाचन वाळवीने आमच्या आधीच उरकले आहे. धड म्हणावीत अशी तेवीस. सिंधू होती तोवर वाचनालयाला वाचक होता. ती एकटी सगळी पुस्तके आलटून पालटून नेई आणि रोज संध्याकाळी ओसरीवर बसून आईला वाचून दाखवी. ती सासरी गेल्यापासून दोन वर्षांत वहीत सात नावे पडली. चार माझी, दोन संतराम मास्तरांची, आणि सातवे एका लग्नघरचे. त्यांनी तीन जाड ग्रंथ नेले, ते मांडवातल्या डुगडुगणाऱ्या बाकाखाली लावायला. (परत आणून दिले. माणसे सरळ आहेत.)

अशात वरून निरोप आला की तालिमात खात्याचे (तुमच्याकडे शिक्षणखाते म्हणतात ते) मोहतमीम, म्हणजे तपासनीस, साहेब दिवाळीनंतर पाहणीला येतील, आणि वाचनालयात वाचक दिसले नाहीत तर परवानगी पुढे चालणार नाही. परवानगी गेली की खोली चावडीकडे, म्हणजे आमचे पोलीस पाटील दगडोबा यांच्याकडे जाणार. दगडोबांना सरकी ठेवायला कोरडी जागा नाही. निरोप आल्यापासून ते रोज वाचनालयात येऊ लागले, पण वाचायला नव्हे. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पावले टाकत जायचे, मनाशी काही हिशेब करायचे, आणि मला रामराम करून निघून जायचे. वीस वर्षांपूर्वी ही खोली मी आणि मास्तरांनी स्वतः सारवून उभी केली. तिच्यात सरकी भरलेली पाहण्यापेक्षा मी गाव सोडीन असे मी मंजुळाबाईंना बोलून गेलो. त्यांनी कुठे जाणार असे विचारले, आणि मी दौत-लेखणी आणायला उठलो.

म्हणून तुम्हाला लिहिले. जावई मुंबईत चित्रे काढतो, मोठमोठ्या जाहिराती काढतो. त्याने एक असे चित्र काढून द्यावे की पाहणाऱ्याला वाचावेसे वाटले पाहिजे. काय काढावे हेही मी कळवले होते. मधोमध सरस्वती, हातात वीणा, शेजारी मोर (मोराचा पिसारा उघडा असावा हे मी दोनदा लिहिले होते), खाली कमळे. तुमचे उत्तर आले की मोराचे दिवस गेले, आता जगात नवी चित्रकला आली आहे. ठीक आहे. आम्हाला इकडे मोर गेल्याचे कळले नव्हते. आमच्या तुरीत ते अजून येतात.

हिंगोली स्टेशनावरून बैलगाडीत ती लांब नळी आणली आणि मास्तरांच्या देखत उघडली. पिवळट कागदावर एक भला मोठा लाल त्रिकोण, त्याच्या पोटाशी एक काळे अर्धे वर्तुळ, आणि तिथून निघालेले तीन काळे जाड फराटे. मध्ये 'वाचा' हा शब्द, तोही डोंगर चढत असल्यासारखा तिरपा, आणि अक्षरांवरची रेघ तुम्ही काढलीच नव्हती. मास्तर बराच वेळ पाहून म्हणाले, पोरांच्या पाटीवर असे आले असते तर मी छडी दिली असती. मी त्यांना गप्प केले. सोबतच्या पत्रात तुम्ही अर्थ लिहिला होता म्हणून बरे: त्रिकोण म्हणजे उघडा ग्रंथ, अर्धवर्तुळ म्हणजे मानवाचे मस्तक, फराटे म्हणजे विचारांचे किरण. 'प्रत्येकास आपले हरवलेले ते ग्रंथांतच सापडेल, असे ही आकृती पाहणारास सांगते,' हे तुमचे वाक्य मी मास्तरांना दोनदा वाचून दाखवले. वाक्य मला फार आवडले होते. पुढे तेच माझ्या गळ्याशी आले.

चित्र बाहेरच्या भिंतीवर लावले. दार आणि खिडकी यांच्यामध्ये जागा अरुंद, म्हणून ते आडवे करून लावावे लागले. (हे मी लिहिणार नव्हतो. पण पुढे सिंधू माहेरी येईल तेव्हा पाहीलच.) मास्तरांचे म्हणणे पडले की अशा चित्राला सरळ काय नि आडवे काय.

आता आमच्याकडची एक रीत तुम्हाला आधी कळवायला हवी होती. इकडे शेळ्यामेंढ्या चुकून दुसऱ्याच्या कळपात मिसळल्या, तर ज्याला सापडतात तो त्यांच्या अंगावरची खूण चावडीच्या भिंतीवर गेरूने आणि कोळशाने काढून ठेवतो. प्रत्येक घरची खूण वेगळी. मालकाला अक्षर येत नसले तरी स्वतःची खूण तो लांबून ओळखतो, येतो, आणि जनावरे घेऊन जातो. आणि वाचनालयाची बाहेरची भिंत हीच चावडीची भिंत आहे, जावईबापू. आपल्या शिवेवर सटवाजी म्हणून धनगर राहतो. आषाढात कयाधूच्या काठी वादळी पावसात त्याची अकरा मेंढरे चुकली. त्याने सात गावे पालथी घातली आणि शेवटी नाद सोडला. त्याच्या मेंढरांची खूण, आज्यापासून चालत आलेली, अशी आहे: लाल तिकोन, त्याच्या पोटाशी अर्धी काळी भाकर, आणि तीन काळे फराटे. मी ती नंतर त्याच्या बाकीच्या मेंढरांवर स्वतः जाऊन पाहिली. तुमचे चित्र आडवे धरले तर तंतोतंत तीच.

चित्र लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सटवाजी आला. बायको चंद्रभागाबाई, दोन मुलगे, एक सून, दोन कुत्री आणि भाकरीचे गठुडे घेऊन आला. एवढी दरवाजाएवढी खूण म्हणजे मेंढरे सगळी जिवंत असणार, शिवाय वाढलीही असणार, असा त्याचा अंदाज होता. त्याने मला हात जोडले, आभार मानले, आणि मेंढरे कुठे कोंडली आहेत ते विचारले. मी त्याला ग्रंथ, मस्तक आणि किरण समजावून सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "डोकं हाय तर धड काहून न्हाई? तातेराव, आमी काय इचारून राहिलो, तुमी काय सांगून राहिले."

दुपारपर्यंत गावात झाले की तातेरावाने सटवाजीची मेंढरे दाबून ठेवली. संध्याकाळपर्यंत ती मी खाल्लीही होती. गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या माणसाने अकरा मेंढरे खाल्ली, आणि तीही घरात कोणाला वास न येता. मी संतापून घरी आलो तर मंजुळाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच विचारले, खरंच नाही ना. एकतीस वर्षांचा संसार आहे आमचा.

पंच बसले. पंचांत मुख्य दगडोबा. मी पुरावा म्हणून तुमचे पत्र पुढे केले आणि मास्तरांनी ते सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचले. ग्रंथ आला, मस्तक आले, किरण आले, आणि मग ते वाक्य आले, हरवलेले ग्रंथांतच सापडेल म्हणणारे. सटवाजी एकदम उठून उभा राहिला. तो म्हणाला, "बराबर हाय. खूण माजी, आन् हरवलेलं पुस्तकात सापडंल असं जावयानं सोताच्या हातानं लिवलंय. तर मग पुस्तकं उघडा." मी म्हणालो, अरे, पुस्तकात मेंढरे कशी असतील. त्याने विचारले, "तुमी समदी वाचली का?" सगळी मी वाचली नव्हती, जावईबापू. माझे मला फार वाईट वाटले. वीस वर्षांचा सेक्रेटरी, आणि पंचांसमोर मान खाली घालावी लागली.

दगडोबांनी मिशीवर हात फिरवून निवाडा दिला. वाचनालयातली धड पुस्तके पहिल्यापासून शेवटपर्यंत सटवाजीसमोर मोठ्याने वाचावीत. मेंढरांचा ठिकाणा लागला तर उत्तम. तेवीस पुस्तके संपूनही लागला नाही, तर वाचनालय लोकांना खोटे सांगते असे ठरेल, आणि खोली खाली करावी. सटवाजीने एक शंका काढली की नेमके ते पान वाळवीने खाल्ले असले तर? त्यावर पंचांनी विचार करून सांगितले की खाल्लेले वाचता येत नाही, ते सोडून द्यावे. सगळ्यांना निवाडा रास्त वाटला. मला तोच सर्वांत जास्त टोचला, कारण मोहतमीम साहेबांनी परवानगी दिली काय नि न दिली काय, आता खोली सरकीला जाणार हे दोन्ही बाजूंनी पक्के झाले.

दुसऱ्या दिवसापासून, उन्हे उतरली की दिवे लागेपर्यंत, मी आणि मास्तर आळीपाळीने वाचू लागलो. पहिले पुस्तक लिंबूवर्गीय झाडांच्या लागवडीचे निघाले (त्यात मेंढीच्या लेंडीखताचा उल्लेख आला तेव्हा सटवाजीचे सगळे घर गुडघ्यांवर आले). दुसरे इतिहासाचे. एक सैन्य माळरानावरून जाते. सटवाजीने विचारले, एवढ्या घोड्यांनी चारा खाल्ला तर तिथले धनगर कुठे गेले? मास्तरांना ठाऊक नव्हते, पुस्तकालाही नव्हते. मी तर कधी असा विचारच केला नव्हता. तिसरी एक कादंबरी. तिच्यात एक पोरकी मुलगी विहिरीच्या काठी रडत बसते. सटवाजीने आधी विहिरीवर कोणाची जनावरे पाणी पीत होती ते विचारले, मग मुलीला घरी न्यायला कोणी आले का ते. त्या आठवड्यात मास्तरांचा घसा बसला होता, म्हणून त्यांनी चार पाने गाळली. दहा ओळी होत नाहीत तोच सटवाजीने हात वर केला. "मास्तर, काल पोरगी हिरीवर बसून होती. आज माजघरात कशी आली? मधलं काय झालं ते वाचा." मास्तरांनी मधले वाचले. वीस वर्षांत शाळेत त्यांना कोणी असे पकडले नव्हते, असे ते मला वाटेत म्हणाले, आणि खुशीत होते.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. तांड्यावरची मोतीबाई आली, तिची शेळी गेल्या उन्हाळ्यापासून नव्हती. कोणाचा नांगराचा फाळ हरवला होता, कोणाची नथ. काहींचे काहीच हरवले नव्हते, पण दुसऱ्याचे सापडते का ते पाहायचे होते. दसऱ्यापर्यंत साठेक माणसे जमू लागली. खोली पुरेना, म्हणून आम्ही बाहेर चित्राखाली बसू लागलो. दगडोबा आधी आमच्यावर लक्ष ठेवायला उंबऱ्यावर उभे राहत. मग त्यांनी घोंगडी आणली. परंतु पुस्तक संपले की मोजणी तेच करीत, पाच झाली, नऊ झाली, चौदा झाली, आणि माझ्याकडे पाहून हसत.

मोहतमीम साहेब वर्दी न देता आले. टांग्यातून उतरले तर समोर साठ माणसे जमिनीवर मुकाट बसलेली आणि मास्तर वाचताहेत. त्यांना आधी वाटले बिनपरवानगी सभा आहे. मास्तरांच्या हातातले पुस्तक पाहिले, ते विंचवाच्या उतारावरचे निघाले. मग त्यांनी पुढे बसलेल्या सटवाजीला विचारले, तू इथे कशाला येतोस? मी डोळे मिटून घेतले. सटवाजीने खरे ते सांगितले: माजी अकरा मेंढरं हरवली, ती पुस्तकात हायत, आजवर सोळा पुस्तकं झाली. साहेब भिंतीपाशी गेले. त्यांनी तुमचे चित्र बराच वेळ, मान तिरकी करून पाहिले. कोणाचे म्हणून विचारले. मी जावयाचे म्हणून सांगितले. "समझ में नहीं आया," ते म्हणाले, "मगर काम का है." मग शेऱ्याच्या वहीत उर्दूत चार ओळी लिहून निघून गेले. मास्तरांनी त्यांचा अर्थ लावला तो असा: या गावात लोक पुस्तके अशी ऐकतात की जणू त्यांचे काही त्यांत हरवले आहे, परवानगी चालू ठेवावी. साहेबांना सगळे कळले होते की काहीच नाही, यावर मास्तरांचे आणि माझे अजून एकमत नाही.

असे झाले. चित्राने काम केले हे मान्य करतो. सरस्वती काढली असती तर लोक नमस्कार करून पुढे गेले असते, हेही मान्य करतो. आमचे काही अधिकउणे लिहिले गेले असल्यास वडीलकीच्या नात्याने सोडून द्यावे. सिंधूला अनेक आशीर्वाद.

तुमचा,
तातेराव

ता. क. – एक अगदी लहानसे काम होते, ते वर लिहायचे राहिले. (मंजुळाबाई म्हणतात, ज्यासाठी पत्र लिहिले तेच राहिले.) तेवीसपैकी एकोणीस पुस्तके झाली. परवानगी सरकारची, निवाडा पंचांचा, आणि दगडोबा तो सोडायला तयार नाहीत. तेविसावे मिटले की खोलीत सरकी. मात्र वाचनालयात धड पुस्तक शिल्लक असेतो निवाडा लागू होत नाही, हे मी पंचांकडून चारचौघांत कबूल करून घेतले आहे. तेव्हा येत्या पंधरवड्यात मिळतील तितकी पुस्तके पाठवावीत. विषय कोणताही चालेल. जाड असावीत. जुनी चालतील, पण वाळवी लागलेली नकोत. गोष्टीची असल्यास शेवट लांबणारी पाहावीत.

ता. क. दुसरे – लखोटा बंद करायला खळ मागितली, तर मंजुळाबाईंच्या तोंडून भलतेच निघाले. सटवाजीची मेंढरे सापडली आहेत. आज नव्हे, दसऱ्यानंतर चारच दिवसांनी. ती पुसेगावच्या भीमसिंगच्या कळपात मिसळली होती. त्याने बिचाऱ्याने रीतीप्रमाणे खूण तिथल्या चावडीवर काढली होती, पण सटवाजी इकडे रोज पुस्तके ऐकत बसल्यामुळे तिकडे फिरकलाच नाही. शेवटी भीमसिंगनेच ती हाकत आणून दिली, अकराची तेरा झालेली. चंद्रभागाबाईने हे मंजुळाबाईंना शपथ घालून सांगितले होते: "सेकेटरीला कळू देऊ नगा, वाचणं बंद करतील." मंजुळाबाईंनी महिनाभर पोटात ठेवले, हेही मला नवीनच आहे.

म्हणजे महिनाभर हा माणूस रोज येतो आहे, पुढे बसतो आहे, आणि उठताना तोंड पाडून मला म्हणतो आहे, "आज बी न्हाई सापडली, तातेराव." आणि मी रोज त्याची समजूत घालतो आहे की उद्या बघू.

दगडोबांना हे कळवण्यात अर्थ नाही. ते म्हणतील, मेंढरे पुस्तकांत नव्हतीच, पुसेगावात होती. खोली खाली करा. तेव्हा पुस्तके पाठवावीतच. आणि जावईबापू, खरे सांगायचे तर कारण तेवढेच नाही. सिंधू गेल्यापासून या घरात संध्याकाळ मोठी जड जात असे. तसे मी तुम्हाला कधी लिहिले नाही, मुलीकडच्यांनी लिहू नये. आता तुमच्या सासूबाई दुखरे गुडघे घेऊन माझ्याआधी चावडीला पोचतात.

उन्हे उतरली, मला निघायला हवे. विसावे पुस्तक आज सुरू करायचे आहे. सटवाजी उठताना आज पुन्हा तेच म्हणेल, आणि मला तोंड पाडून उद्या बघू म्हणायचे आहे. हसू न येता ते जमले म्हणजे झाले.